उघडलेली फाइल बंद कोणी करायची?

प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) संपली की तिच्या उघड्या राहिलेल्या सगळ्या फाइली कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच बंद करतो. म्हणूनच दोन मिनिटांच्या स्क्रिप्टमध्ये क्लोज करायचं राहिलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. तोच कोड महिनोन्‌महिने डेटा उपसणाऱ्या प्रोसेसमध्ये गेला की मात्र त्याचा हिशोब चुकवावा लागतो.

लिनक्सवर फाइल उघडली की प्रोसेसला एक पूर्णांक मिळतो, तो फाइल डिस्क्रिप्टर. 0, 1 आणि 2 बहुधा इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गेलेले असतात, आणि नव्या फाइलला रिकाम्यांतला सर्वांत लहान क्रमांक मिळतो. एकामागून एक फाइल वाचून बंद करणाऱ्या प्रोग्रामला पुन्हापुन्हा 3च मिळत राहील. लीक असेल, म्हणजे उघडलेल्या फाइली बंदच होत नसतील, तर 3, 4, 5 असे आकडे चढत जातात. एका प्रोसेसला एका वेळी किती डिस्क्रिप्टर मिळतील याची मर्यादा, म्हणजे सॉफ्ट लिमिट, बऱ्याच ठिकाणी 1024 असते, म्हणजे 1023 हा शेवटचा क्रमांक. त्यापुढे 'टू मेनी ओपन फाइल्स', एरर क्रमांक 24.

आणि ही एरर येते कुठे? जिथे गळती आहे तिथेच येईल असं नाही. पुढचा डिस्क्रिप्टर जो मागेल, त्याच्या माथी ती बसते. सर्व्हरचं नाव शोधायलाही फाइल आणि सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक, त्यालाही डिस्क्रिप्टर लागतो) लागतात, त्यामुळे लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलीत, नेटवर्क बिघडल्यासारखं दिसतं आणि माणसं भलतीकडेच शोधत बसतात. आधी प्रॉक डिरेक्टरीत (/proc) त्या प्रोसेसच्या एफडी (fd) फोल्डरमध्ये डोकावा, तिथे तिच्या उघड्या फाइली दिसतात. एकच फाइल शेकडो वेळा दिसली, तर चोर सापडला.

लिमिट वाढवून गळती थांबत नाही, ती फक्त उशिरा कळते. बहुतेकदा क्लोज लिहिलेलं असतं, पण मध्येच एक्सेप्शन (कोड अर्धवट सोडायला लावणारी चूक) येतं आणि ती ओळ चालतच नाही. म्हणून पायथनमध्ये विथ, जावामध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा; मध्येच चूक झाली तरी ते फाइल बंद करतात. जो फाइल उघडेल, बंद करणं त्याच्याकडेच राहू द्या.

हजारो फाइली खरोखरच लागत असतील, तर गोष्ट वेगळी. पोस्टग्रेस हा डेटाबेस दर प्रोसेसमागे उघड्या फाइलींची मर्यादा ठेवतो, डिफॉल्ट 1000. ती गाठली की बराच वेळ न वापरलेली फाइल बंद करतो आणि लागेल तेव्हा पुन्हा उघडतो. ग्नूचा सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी कमांड) तर डिफॉल्टने एका वेळी 16च तात्पुरत्या फाइली मर्ज करतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

डिस्कचंही तसंच. लॉग डिलीट केला, पण प्रोसेसने तो उघडाच धरलाय, तर जागा सुटत नाही. डिस्कवरची एकूण जागा सांगणारी डीएफ कमांड डिस्क भरलेली दाखवते आणि फोल्डरमधल्या फाइलींची जागा मोजणाऱ्या डीयूला ती फाइल सापडतच नाही. लॉग बदलल्यावर प्रोसेसला तो पुन्हा उघडायला सांगावं लागतं.

एक धोका थ्रेड्सचा, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा; डिस्क्रिप्टर त्या सगळ्यांचे सामायिक असतात. लिनक्सवर सिग्नलमुळे (प्रोसेसला बाहेरून आलेल्या सूचनेमुळे) क्लोज मध्येच तुटल्याची एरर आली, तरी क्रमांक मोकळा झालेला असतो. पुन्हा क्लोज करू नका. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने तोच क्रमांक घेतला असेल, तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल.