पेवातली ज्वारी आणि मेलेल्यांची फौज

(दृश्य: पौषातली रात्र. हरभऱ्याचं वावर. मचाणावर तीन पोरं, अंगावर घोंगडी, एकाच्या हातात बॅटरी. दुरून कुणीतरी डबा वाजवतंय.)

निवेदन :

यवतमाळ जिल्हा. दारव्ह्याच्या पुढचं काळ्या मातीतलं हे वावर. हरभऱ्याला घाटे धरलेत. रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि शेताची लाइन बारानंतर येणार आहे. ती आली की स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे. तोवर जागल. रानडुकरांचा कळप एकदा आत शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. रोही (नीलगाई) शेंडे खुडून जातात. म्हणून ही तीन पोरं मचाणावर बसून आहेत.

गेला आठवडाभर त्यांच्यात एकच वाद चाललाय. संगणकावरच्या खेळातल्या सगळ्या जमाती, म्हणजे माणसं, ऑर्क (रानटी लढवय्ये), एल्फ (अरण्यातले तिरंदाज), ड्वार्फ (डोंगरातले बुटके) आणि मेलेले, एकाच वेळी एकमेकांवर तुटून पडल्या, तह नाही, दोस्ती नाही, माघार नाही, तर शेवटी कोण उरेल?

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा रात्र काढायचा विषय वाटला. तिसऱ्या रात्री मी कॅमेरा बंद करून नुसता ऐकत बसलो. पोरं तलवारींबद्दल बोलतच नव्हती. ती बोलत होती खाण्याबद्दल.

(दृश्य: दुपार. गावातल्या दुकानामागची खोली. वायरने एकमेकांना जोडलेले तीन जुने संगणक. बाजूला खताची रिकामी पोती.)

इथे खेळ चालतो तो 'वॉरक्राफ्ट थ्री'. आला 2002 साली. त्याच वर्षी देशात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीशी लढायला जनुक घातलेल्या बियाण्याला, परवानगी मिळाली. म्हणजे ही पोरं जन्मली तेव्हा वावरातलं बियाणं आणि या संगणकातलं युद्ध, दोन्ही आधीच येऊन बसलेलं होतं.

खेळात चार बाजू आहेत: माणसं, ऑर्क, नाइट एल्फ आणि अनडेड, म्हणजे मेलेले. ड्वार्फ माणसांच्या फौजेत लढतात. सुरुवात सगळ्यांची सारखीच, हाताशी 500 सोनं आणि 150 लाकूड. त्यातून मजूर वाढवायचे, घरं बांधायची, फौज उभी करायची. माणसांनी एक शेत बांधलं की सहा जणांच्या अन्नाची सोय होते. शेत नाही तर शिपाई नाही.

यातला एक नियम एका पोराने आपल्या वडिलांना समजावून सांगितला, तेव्हा मी तिथेच होतो. फौजेचा खर्च पन्नास अन्नाच्या आत असेल तर मजुराच्या खेपेला दहा सोनं मिळतं. पन्नासच्या वर गेलात की सात. ऐंशीच्या वर गेलात की चार. खाण तीच, मजूर तोच, घामही तेवढाच.

वडील कापूस वेचून आले होते. ओट्यावर बसून पाणी पीत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मोठी फौज पोसाची तं रोज लढाई पायजे. बसून खाल्लं का बुडाला."

मोठमोठी राज्यं ज्या एका गणितात बुडाली, ते या माणसाने तांब्याभर पाणी पिता पिता सांगितलं. मी पुढे जे शोधत गेलो ते याच वाक्याच्या मागून.

(दृश्य: पुस्तकाची पानं. एल्फ, ड्वार्फ, गॉब्लिन यांची पोरांनी वहीत काढलेली चित्रं.)

या जमातींचा हिशेब आणखी एका खेळात सापडतो, 1974 साली निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये. त्याच्या 2014 च्या नियमपुस्तकात प्रत्येक जमातीचं आयुष्य दिलंय. एल्फ साडेसातशे वर्षं जगू शकतो. अंगाने तो माणसाच्याच वयात वाढतो, पण शंभरीच्या आसपास पोहोचेपर्यंत त्याची जमात त्याला जाणता मानत नाही. ड्वार्फ साडेतीनशे वर्षांच्या आसपास जगतो आणि पन्नाशीपर्यंत पोरगाच गणला जातो. अर्धा ऑर्क, म्हणजे माणूस आणि ऑर्क यांचं पोर, चौदाव्या वर्षी मोठा होतो.

एल्फ माझ्या मते सगळ्यात आधी संपतील. धनुष्य चांगलं आहे, डोळा चांगला आहे, अरण्य त्यांच्या बाजूचं आहे. पण तीनशे वर्षं शिकलेला एक तिरंदाज पडला की त्याची जागा भरायला पुन्हा तीनशे वर्षं लागतात. लांबलेल्या युद्धात एवढा वेळ कुणाला मिळत नाही.

(दृश्य: चिखलदरा. धुकं. गाविलगडाचा पडका दरवाजा, आतला तलाव.)

ड्वार्फांची बाजू घेणारा एक पोरगा आहे. त्याचं म्हणणं, डोंगरात कोरलेला किल्ला कुणी घेऊच शकत नाही. म्हणून त्याला सोबत घेऊन मी गाविलगडावर गेलो.

सातपुड्याच्या कड्यावरचा हा नागपूरकर भोसल्यांचा गड. तीन बाजूंनी खोल दरी. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडे येऊन थांबला आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून वाट करत जड तोफा उत्तरेकडे ओढत नेल्या, कारण गड पठाराला जोडलेला आहे तो त्याच बाजूने. बाहेरच्या तटाला भगदाड पडलं. आतला तट मात्र शाबूत होता. तरी एक तुकडी शिड्या लावून चढली, आतून दरवाजा उघडला, आणि 15 डिसेंबरला गड गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून वऱ्हाड सुटलं.

पोरगा बराच वेळ तटाला हात लावून उभा होता. मग म्हणाला, "दगड तं अजून बी मजबूत हाय."

खरंच आहे. दगड कुठेच हरलेला नाही. पण गडाच्या बाहेर भोसल्यांची फौज आधीच अडगावच्या लढाईत मोडली होती आणि सुटका करायला येणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांशी सगळ्यांचं युद्ध म्हटलं की प्रत्येक ड्वार्फ किल्ल्याची हीच गत. तो खूप दिवस टिकेल. जिंकणं त्याच्याच्याने होणार नाही.

(दृश्य: उन्हातला धुळीचा रस्ता. म्हातारे पारावर.)

ऑर्क कोण, हे पारावरच्या म्हाताऱ्यांना चित्रं दाखवून समजावलं. त्यांनी लगेच नाव दिलं: पेंढारी. वॉरक्राफ्टमध्ये ऑर्कांना एक विद्या मिळते, शत्रूचं घर फोडता फोडता त्यातून सोनं आणि लाकूड वसूल करायची. पेंढाऱ्यांचंही तेच होतं. पगार नाही, रसद नाही, घोड्यावर बसायचं आणि दुसऱ्याच्या घरातलं आणायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर, वऱ्हाड, माळवा त्यांच्या नावाने थरथरत होता. 1817-18 मध्ये चहूबाजूंनी फौजा आल्या, आसरा देणारी राज्यं गेली, आणि ती टोळीधाड पाहता पाहता विरून गेली.

लुटीवर जगणाऱ्याला दुसऱ्याचं उभं पीक लागतं. पहिली दोन वर्षं ऑर्कांची. त्यानंतर लुटायला कुणी पेरलेलंच नसेल.

उरले दोघं. माणसं आणि मेलेले. इथे मला थांबायचंय, कारण तिन्ही पोरांचं भांडण इथेच पेटतं.

(दृश्य: पडद्यावर काळवंडत जाणारी जमीन. सांगाडे उभे राहतात.)

अनडेड जिंकतील असं मानणाऱ्या पोराचं म्हणणं सरळ आहे. बाकी सगळ्यांचा माणूस पडला की एक कमी होतो. मेलेल्यांच्या बाजूने मात्र शत्रूचा माणूस पडला की एक वाढतो. खेळात त्यांचा नेक्रोमन्सर, म्हणजे प्रेतं उठवणारा मांत्रिक, एका प्रेतातून दोन सांगाडे उठवतो. प्रेतं भरून नेणारा गाडाही त्यांच्याकडे आहे. खेळ समतोल राहावा म्हणून ते सांगाडे थोडाच वेळ टिकतात, आणि अनडेड फौजेलाही अन्नाची मर्यादा घातलेली आहे. पण खेळाच्या गोष्टीत तसं बंधन नाही. गोष्टीतले मेलेले खात नाहीत, झोपत नाहीत, पेरणीला घरी परत जात नाहीत. वडिलांचं ते वाक्य, बसून खाल्लं का बुडाला, त्यांना लागूच होत नाही.

आणि गोष्टीत माणसं हरतातच. लॉर्डेरॉन हे त्यांचं मोठं राज्य. तिथे रोगाची साथ येते. ती वाऱ्यातून येत नाही, पाण्यातूनही नाही. अँडोरहाल नावाच्या एका गावातून उत्तरेकडच्या सगळ्या वस्त्यांना धान्य जातं, आणि त्या धान्यातच साथ घातलेली असते. ज्याने भाकरी खाल्ली तो मरतो आणि शत्रूचा शिपाई होऊन उठतो. राजपुत्र आर्थसला हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. स्ट्रॅथहोम शहरातलं धान्य खाल्लं गेलेलं असतं. लोक बदलायच्या आत तो आपल्याच रयतेची कत्तल करतो. पुढे तो स्वतः मेलेल्यांचा सेनापती होतो आणि बापाला सिंहासनापुढे मारतो.

(दृश्य: मातीचं घर. चुलीपुढे आजी. भाकरी थापण्याचा आवाज.)

ही गोष्ट पोरांनी आजीला सांगितली. आजी त्यातल्याच एकाची. भाकरी थापता थापता तिने सगळं ऐकलं. तिला तलवारींत रस नव्हता. तिने विचारलं, "तिथं मढं जाळत नाईत काय?"

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली.

"जाळून टाकलं का राखेतून कोण उठते, बाप्पा?"

मला वाटतं, या वादात याहून मोठं हत्यार कुणी आणलेलं नाही. आमच्या गावात जाळणारेही आहेत आणि पुरणारेही. पण अशी वेळ आली तर सगळे जाळतील. मेलेल्यांची फौज वाढते ती शत्रूच्या प्रेतांवर. प्रेतंच मिळाली नाहीत तर तिचाही प्रत्येक सांगाडा मोडला की एक कमीच होतो.

त्यावर दुसरा पोरगा म्हणाला, एवढं सरण आणाचं कुठून? प्रश्न बरोबर आहे. एका चितेला काही क्विंटल लाकूड लागतं. लाकडासाठी रान तोडलं तर पाऊसपाणी आणि पुढची पेरणी जाते. तेव्हा त्यालाच आठवलं, एल्फांचे मजूर, विस्प, झाड न पाडता लाकूड काढतात. झाड तसंच उभं राहतं. पण तह नाही, दोस्ती नाही, ही अट त्यांची त्यांनीच घातली होती. ती विद्या माणसांना मिळणार नाही. मग तिघांनी पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या आणि बाभळी मोजायला सुरुवात केली, आणि मी ते अख्खं मोजणं चित्रित केलं. या फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता तुकडा तोच.

(दृश्य: जुन्या वाड्याचं अंगण. दगडाने झाकलेलं पेवाचं तोंड.)

हे पेव. जमिनीत खोदलेलं, आतून शेणामातीने लिंपलेलं. यात ज्वारी साठवायचे. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असायचं. घराघराचं, वाड्यावाड्याचं वेगळं पेव. एकाचं सडलं तर बाकीची शाबूत.

मग अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळला, पण कापूस राहिला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. ज्वारीची जमीन कापसाकडे जात राहिली आणि खायचं धान्य बाजारातून यायला लागलं. 1899-1900 चा दुष्काळ आला तेव्हा इथल्या माणसाने त्याची किंमत मोजली. कापूस खाता येत नाही.

लॉर्डेरॉन का पडलं, ते मला या पेवाच्या तोंडाशी उभं राहून कळलं. तिथली माणसं भित्री नव्हती. पण त्यांची भाकरी एकाच गावातून येत होती. शत्रूला शंभर गावं जिंकायची गरजच पडली नाही. त्याने एक कोठार गाठलं.

म्हणून माझं उत्तर माणसं. पंधरा-वीस वर्षांत नवी पिढी उभी राहते, हे एक कारण. दुसरं खेळातच आहे: माणसांच्या बाजूने घंटा झाली की मजूर हातातलं काम टाकून टाउन हॉलकडे धावतात, शस्त्र घेतात, पंचेचाळीस सेकंद लढतात आणि परत कामाला लागतात. दिवसा वेचणी, रात्री जागल, सकाळी परत वेचणी. ही जमात मला माहीत आहे, मी तिच्यात वाढलोय. पण ती जिंकेल ती गावोगाव आपापलं पेव असेल तरच, आणि आपलं मढं आपल्या हाताने जाळायची तिची तयारी असेल तरच. नाहीतर मचाणावरचा तो पोरगा बरोबर आहे, आणि शेवटी सांगाडेच उरतील.

त्याला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, 2017 मध्ये गुलाबी बोंडअळी आली तेव्हा प्रत्येकाचं वावर वेगळंच होतं ना? बोंड बाहेरून हिरवंगार होतं. फोडलं तेव्हा कळलं. वावरं वेगळी होती, पण बियाणं जवळजवळ सगळ्यांचं बीटीचंच होतं, असं मी म्हणालो. तो म्हणाला, मग पेवातलं बी कोणतं, ते आधी सांगा.

याचं उत्तर मी त्या रात्री देऊ शकलो नाही.

(दृश्य: मचाण. बारा वाजून दहा मिनिटं. दूर विहिरीवर मोटर सुरू झाल्याचा आवाज. पोरं खाली उतरतात. पाइपांतून पाणी फुटतं.)

(दृश्य: सकाळ. आजीचं घर.)

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा आजीने नातवाला हाक मारली. रात्रभर तिच्या डोक्यात तेच असावं.

"अरे, ते धान्य. त्या गावचं. जाळलं काय मंग त्याइनं?"

"नाई आजी. तोवर वाटून झालं होतं."

आजी काही बोलली नाही. कोपऱ्यातल्या कोठीपाशी गेली, झाकण काढलं, ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर वर काढून नाकाशी नेली. मग ती मूठ परत आत सोडली आणि झाकण लावलं.