रोड होम : वादळानंतर घराची किंमत कोणी ठरवली?

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकले. न्यू ऑर्लिन्स शहराचा घात मात्र वाऱ्यापेक्षा पाण्याने केला. कालव्यांच्या पूरभिंती फुटल्या, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि ते पाणी उपसून काढण्यात कित्येक आठवडे गेले. लोक परतले तेव्हा लाकडी घरांच्या भिंतींवर पाण्याच्या पातळीची तपकिरी रेघ उमटली होती आणि आत बुरशी चढली होती.

अशा घरांच्या मालकांसाठी राज्याने २००६ मध्ये ‘रोड होम’ ही योजना सुरू केली. पैसा केंद्र सरकारच्या गृहनिर्माण आणि नागरी विकास खात्याचा होता. अर्ज तपासण्याचे काम एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले होते. घर दुरुस्त करून तेथेच राहावे, ते सरकारला विकून राज्यातच दुसरे घर घ्यावे, किंवा विकून राज्य सोडावे, असे तीन मार्ग मालकापुढे होते आणि अनुदानाची कमाल मर्यादा दीड लाख डॉलर होती. पुढील काही वर्षांत सुमारे १ लाख ३० हजार घरमालकांना मिळून ९ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम देण्यात आली.

एवढा पैसा वाटूनही तक्रार का उरली, याचे उत्तर अनुदान मोजण्याच्या सूत्रात आहे. घराची वादळापूर्वीची बाजारातील किंमत आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च, या दोहोंपैकी जी रक्कम कमी असेल ती धरायची आणि तीतून विम्याचे व आपत्ती निवारण संस्थेकडून मिळालेले पैसे वजा करायचे, असा हा हिशेब होता. वजावटीबद्दल फारसा वाद घालता येत नाही, कारण एकाच नुकसानीची भरपाई दोनदा देऊ नये, असा केंद्रीय कायद्याचाच दंडक आहे. खरी मेख पहिल्या अर्ध्या भागात होती.

समजा, एकाच आकाराची दोन घरे आहेत. दोन्हींच्या दुरुस्तीला दीड लाख डॉलर लागतात आणि दोघांनाही विम्याचे ४० हजार मिळाले आहेत. पहिल्या वस्तीत घराची किंमत दोन लाख आहे, म्हणून त्या मालकाला १ लाख १० हजार मिळतील. दुसऱ्या वस्तीत तेवढ्याच घराची किंमत ७५ हजार आहे, म्हणून त्याच्या हाती ३५ हजार पडतील. लाकूड, खिळे आणि सुताराची मजुरी मात्र दोघांनाही सारखीच पडते. न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील घरांचे भाव पिढ्यानपिढ्या दाबलेले होते, आणि तोच भाव आता सरकारी कागदावर मदतीचे माप ठरला.

दुसरी अडचण वारसाहक्काची होती. अनेक घरे आजोबा-पणजोबांच्या नावावरच राहिली होती, वारसांची नोंद कधी झालीच नव्हती. सातबाऱ्यावर मृत व्यक्तीचे नाव पाहण्याची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मालकी सिद्ध होईपर्यंत अर्ज अडून राहत असे.

नोव्हेंबर २००८ मध्ये पाच कृष्णवर्णीय घरमालक आणि समान गृहनिर्माण हक्कांसाठी काम करणाऱ्या दोन संस्था न्यायालयात गेल्या. राज्याने अल्प उत्पन्न गटासाठी असलेल्या पूरक अनुदानावरील ५० हजार डॉलरची मर्यादा काढून टाकली आणि २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर वादळाला जवळजवळ सहा वर्षे होत आली होती आणि ज्यांना परतणे परवडले नाही, त्यांनी दुसरीकडे संसार मांडले होते.

या सूत्राची एक शेपटी मात्र बराच काळ वळवळत राहिली. पुढच्या पुरापासून बचाव व्हावा म्हणून घर जोत्यापासून उंच उचलण्यासाठी राज्याने ३० हजार डॉलरपर्यंत वेगळे अनुदान दिले होते. ज्यांची दुरुस्तीच पुरी झाली नव्हती, अशा अनेकांनी ते पैसे भिंती, छप्पर आणि वीजजोडणीवर खर्च केले. काहींच्या म्हणण्यानुसार योजनेच्या कर्मचाऱ्यांनीच त्यांना तसे करण्यास सांगितले होते. पुढे राज्याने हजारो घरमालकांवर वसुलीचे दावे लावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये, वादळानंतर १७ वर्षांहून अधिक काळाने, हे दावे मागे घेण्याची घोषणा झाली. ती घरे दुरुस्त झाली होती, पण त्यांतील अनेक पूर्वीच्याच उंचीवर उभी होती.