विचारा, आणि मग गप्प बसा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचंय ते शिक्षकांशी, क्लासवाल्यांशी, खेळाच्या कोचशी, होस्टेलच्या रेक्टरशी, अभ्यासिका आणि मेस चालवणाऱ्यांशी. थोडक्यात, ज्यांच्या डोळ्यांसमोर रोज तरुण पोरं वावरतात त्यांच्याशी. पोरांचं मन बिनसलंय हे ओळखायचं कसं आणि पुढे करायचं काय, याचं मोठ्यांसाठी प्रशिक्षण असतं. हाड मोडलं तर डॉक्टरकडे नेईपर्यंत आपण प्रथमोपचार करतो ना, तसाच हा मनाचा प्रथमोपचार. त्याचा अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू झाला. आणि गरज किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. साठ मुलांचा वर्ग धरा, म्हणजे आठ-नऊ जण झाले.

प्रशिक्षणात शिकवतात बरंच, पण माझ्या मते गाभा एवढाच: विचारा, आणि विचारल्यावर गप्प बसा. पहिलं जमतं. दुसरं आपल्या पुण्यात जरा अवघड आहे.

नारायण पेठेत एका रविवारी आमचं शिबिर होतं. एका अभ्यासिकावाल्याबरोबर सदाशिव पेठेत मेस चालवणाऱ्या एक काकू आल्या होत्या. चहा घेऊन निघायचं, असा त्यांचा बेत. (शिबिरांतला तो कागदी कपातला घोटभर चहा एकदाचा बंद करा हो. माणसं दिवसभर बसणार, त्यांना कपभर तरी द्या!) तर आम्ही नाट्यछटा करून घेत होतो. एक बाई विद्यार्थिनी झाल्या, एक सर सर झाले. बाई म्हणाल्या, "सर, मला हल्ली झोप लागत नाही." झालं! पहाटे उठण्यापासून सूर्यनमस्कारांपर्यंत सरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. तोच मागून काकूंचा आवाज, "अहो सर, तिला पुढचं बोलू तरी द्या की!" सभागृह हसून हसून बेजार. काकू मात्र संध्याकाळपर्यंत बसल्या.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. पुढची गोष्ट त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे. मुलाचं गाव सांगणार नाही.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा हा मुलगा त्यांच्याकडून डबा न्यायचा. रोज घासून, पुसून परत आणणारा. तो डबा तसाच यायला लागला, भाजी जशीच्या तशी. पोरगं कंटाळलं असेल म्हणून काकूंनी भाजी बदलून पाहिली. मग एक दिवस महिन्याच्या मध्यावरच तो म्हणाला, "काकू, माझा हिशोब करून टाका." गावी चाललास का? तर नाही. रूम पार्टनरकडून कळलं, पुस्तकंही वाटून टाकली. काकूंच्या पोटात धस्स झालं, कारण अशी आवराआवर दिसली तर दुर्लक्ष करू नका, हे शिबिरात ऐकलेलं होतं.

दुपारची गर्दी ओसरल्यावर त्यांनी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातात मेथीची जुडी दिली. "बस, निवडू लाग." ही युक्ती आमची नव्हे, काकूंची. समोरासमोर बसलं की पोरं अवघडून जातात. शेजारी बसून हाताला काम असलं की बोलता येतं. थोड्या वेळाने त्यांनी सरळ विचारलं, "बाळा, जीव द्यायचं मनात येतं का रे?"

तो काही बोलेना. काकूही बोलल्या नाहीत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, जुडी संपली. काकूंनी मुकाट्याने दुसरी पुढे सरकवली. ती निम्मी झाल्यावर मान खाली घालूनच तो म्हणाला, "येतं."

काकू दचकल्या नाहीत. आईबापाची शपथ घातली नाही. म्हणाल्या, "कधीपासून?" मग तो बोलत राहिला, दिवेलागणीपर्यंत.

मी विचारलं, "काकू, तुम्ही एवढा वेळ गप्प कशा बसलात?" तर म्हणाल्या, "ताई, तोंड बंद ठेवायला काहीतरी लागतंच ना! मनातल्या मनात उद्याचा हिशोब मांडला. कणीक किती, तांदूळ किती. आणि त्या पोराने मेथीच्या काड्याच जास्त टाकल्या होत्या, रात्री सगळ्या मेसने काड्यांची भाजी खाल्ली. चकार शब्द काढू दिला नाही कुणाला."

पुढचं त्यांनी शिबिरात सांगितलं तसंच केलं. "घरी सांगू नका," असं तो म्हणाला, तेव्हा खोटं वचन दिलं नाही. "तुला विचारून सांगू, पण लपवणार नाही." त्याच्यासमोरच टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरला फोन लावला. रात्री त्याला एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे मामा आले आणि सगळे ससूनच्या मानसोपचार विभागात गेले. काकूंच्या यजमानांना तेवढी पोलिसांची धास्ती. तर श्रोतेहो, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ पाहा. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं हा कायदा गृहीत धरतो. सहसा तिच्यावर खटला चालवता येत नाही. इथे तर तसा प्रयत्नही झालेला नव्हता.

बोलता बोलता वेळ संपत आली. एक शंका हमखास येते: असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल का? नाही. पुन्हा सांगते, नाही. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट कोंडलेल्याला वाट मिळते. म्हणून विचारा, आणि गप्प बसा. उपचार तुम्ही करायचे नाहीत, योग्य माणसापर्यंत पोचवायचं.

आणि शाळा-कॉलेजवाल्यांनो, तासाभराच्या प्रेरणादायी व्याख्यानाने यातलं काही होत नाही. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं, पोरगं होतं तिथेच राहतं. त्या पैशात चार शिक्षक, एक शिपाई आणि कॅन्टीनवाल्या मावशींना प्रशिक्षण द्या. क्लासवाल्यांचे चौकाचौकातले यशवंतांचे फ्लेक्सही जरा आवरा. निकाल लागल्यावर नापास झालेलं पोरगं त्याच चौकातून जेवायला जातं.

टेली-मानसचा नंबर लिहून घ्या. एक चार चार एक सहा. १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पोराला फोन करवत नसेल तर काय करायचं, हे विचारायला तुम्हीही करू शकता. अभ्यासिकेच्या दारावर, मेसच्या मेनूशेजारी, स्टाफरूममध्ये मोठ्या अक्षरात लावा. नमस्कार.