खिडकीची सीट

हे जे आत्ता स्क्रीनवर हलतंय ना, त्या विजेच्या तारा आहेत. मोबाइल काचेला टेकवून धरलाय म्हणून कडेला माझं बोटही आलंय, ते सोडून द्या. तारांकडे बघा. दोन खांबांच्या मध्ये तार झोक्यासारखी खाली येते, मग हळूहळू वर चढायला लागते, आता ही उडूनच जाणार असं वाटतं आणि तेवढ्यात सप्पकन खांब आडवा येतो की परत खाली. लहानपणी मला वाटायचं की तार पळून जायला बघतेय आणि खांब दरवेळी तिला पकडतोय. आता मी कॉलेजात आहे, तार का लोंबते ते शिकलेय, तरी अजून तसंच वाटतं.

ही व्हिडिओ मुळात एका सबमिशनसाठी सुरू केली होती. विषय होता आवडते छंद. आता छंद म्हटल्यावर फॉर्ममध्ये आपण सगळे काय लिहितो, ट्रॅव्हलिंग, मूव्हीज, म्युझिक, रीडिंग, बास, चार शब्द, कुणाचाही फॉर्म उचला हेच चार शब्द. मीपण हेच लिहीत आले. पण यावेळी शूट करायचं म्हणून जरा नीट बघितलं की मी मोकळ्या वेळात खरंच काय करते, तर लक्षात आलं की मी बसते. कुठेतरी बसते आणि समोरून काहीतरी सरकत जाताना बघते. गाडीत बसले तर बाहेरचं सरकतं, थिएटरमध्ये बसले तर पडद्यावरचं. मी आपली जागच्या जागी.

प्रवासाचं सांगायचं तर मला पोचायची घाई कधीच नसते. मैत्रिणी स्पॉट काढतात, कुठे फोटो चांगले येतात, किती वाजता निघायचं, सगळं प्लॅनिंग त्यांचं, मी फक्त एवढंच विचारते की खिडकी कुणाची. यावरून भांडणं झालीत आमची. एकदा तर खिडकीत बसून मी इतकी तंद्रीत गेले की उतरायचं स्टेशन मागे पडलं, सगळा ग्रुप फलाटावर आणि मी गाडीतून त्यांच्याकडे बघतेय, त्याही मला सरकत जाताना दिसल्या. शिव्या खाल्ल्या नंतर.

पण खिडकीत खरंच बघण्यासारखं असतं. रुळाजवळचे दगड इतक्या जोरात जातात की त्यांची नुसती रेघ होते, त्यामागचं शेत आरामात जातं, लांबचा डोंगर तर हलतो की नाही ते कळत नाही आणि चंद्र असेल तर तो सोबतच येतो. चंद्र आपल्यापासून साधारण 3 लाख 84 हजार किलोमीटर लांब, आपण गाडीनं पाच-पन्नास किलोमीटर गेलो काय आणि न गेलो काय, त्याच्याकडे बघायचा कोन जवळजवळ तोच राहतो, म्हणून तो पाठलाग करतोय असं वाटतं. आणि ज्यांना गाडी लागते त्यांनाही लोक बाहेर बघ म्हणून सांगतात ते उगाच नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो सांगत असतो की आपण हलतोय, आणि डोळे पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये घातलेले असले की ते सांगतात छे, सगळं स्थिर आहे, या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. बाहेर लांबवर बघितलं की दोघांचं एकमत होतं. त्यामुळे खिडकीची सीट मागताना मी हल्ली हे कारण देते, तब्येतीचं कारण म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

ग्रुप घेऊन फिरायला जायच्या धंद्याची सुरुवात कुठून झाली माहितीये? 5 जुलै 1841 ला इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या माणसानं साधारण 500 जणांना रेल्वेनं लेस्टरहून लफबरोला नेलं, अंतर असेल वीसेक किलोमीटर. आणि कशासाठी, तर दारूविरोधी सभेसाठी! कॉलेजच्या ट्रिपला जाऊन आलेल्यांनी यावर गुपचूप हसून घ्या.

बरं आता सिनेमा. मी सगळं बघते, मारधाड, रडारड, भुताचे, कसलेही, नंतर स्टोरी विचारली तर धड सांगता येत नाही पण कुठल्या सीनला खोलीत उजेड कसा होता ते आठवतं. आणि मला थिएटरच लागतं. कारण साधं आहे, तिथे दुसरं काही करता येत नाही. लॅपटॉपवर मी सिनेमा लावते आणि पाचव्या मिनिटाला मेसेज बघते, मग सबमिशनची तारीख आठवते, मग ती फाइल उघडते, मग फाइलही होत नाही आणि सिनेमाही. आमच्या हॉस्टेलवर एक जण सगळं दीडपट स्पीडवर बघते. म्हणजे लेक्चरचं समजू शकते, तिथे मीही करते, पण सिनेमा? कुणीतरी दारात उभं आहे, आत जावं की नको ठरत नाहीये, ते थांबणं तीन सेकंदांचं हवं म्हणून एडिट करणाऱ्यानं डोकं खपवलेलं असतं आणि ही त्याचे दोन करते. वर म्हणते वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात ही काय करते तर रील्स बघते. जाऊ दे.

रीळवाल्या प्रोजेक्टरची एक गंमत मला फार आवडते. सेकंदाला 24 फोटो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण एक फोटो जाऊन दुसरा येताना फिल्म खाली ओढली जाते, ते ओढणं दिसू नये म्हणून समोर एक फिरती झडप यायची आणि तेवढ्यापुरता पडदा काळा व्हायचा. उजेड लुकलुकू नये म्हणून एकच फोटो दोन-दोन वेळा दाखवायचे. हे सगळे अंधार जोडले तर दोन तासांच्या सिनेमात तासाभराच्या आसपास लोक काळ्या पडद्याकडे बघत बसलेले असायचे, आणि कुणाला पत्ताही नाही. आता डिजिटलमध्ये तसं नसतं.

बाकीचे छंद पटकन सांगते कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. गाणी ऐकते, पण चालताना. पुस्तकं आणते, निम्मी वाचते. गेम खेळायला गेले की पहिल्या लेव्हलला मरते. झोप हा छंद धरत असाल तर त्यात मी बऱ्यापैकी पुढे आहे. आणि मोकळा वेळ म्हणजे वाया घालवलेला वेळ असं घरी वाटत असेल तर त्यांना सांगा की स्कूल हा शब्द ज्या ग्रीक शब्दातून आला, स्खोले, त्याचा मूळ अर्थच मोकळा वेळ. मी आईला हे सांगून बघितलंय. ती म्हणाली, मग शाळा बुडवायची कशाला.

या व्हिडिओसाठी वाचायला घेतलं तेव्हा कळलं की खिडकी आणि पडदा यांची जोडी मी लावलेली नाही, ती सिनेमाच्या पहिल्या दिवसांतच लागली होती. ल्युमिएर भावांनी 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसमध्ये तिकीट लावून शो केला, एकेक फिल्म जेमतेम 50 सेकंदांची. तेव्हा कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि समोर काय हलतंय ते टिपायचं. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडच्या प्रोमियो नावाच्या कॅमेरावाल्यानं व्हेनिसमध्ये नावेत कॅमेरा ठेवला आणि काठावरच्या इमारतीच सरकायला लागल्या. म्हणजे अगदी आपण खिडकीतून बघतो तसं! मग लोक सुटलेच, रेल्वेच्या इंजिनापुढे कॅमेरा बांधून शूट करायला लागले, आणि 1905 च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज हेल नावाच्या माणसानं, जो आधी आगीचे बंब सांभाळणाऱ्यांचा प्रमुख होता, रेल्वेच्या डब्यासारखं थिएटर काढलं. आत बाकडी, तिकीट तपासायला गणवेशातला माणूस, डबा हलवायची सोय, चाकांचा आवाज आणि समोर पडद्यावर पळणारे रूळ. लोक पैसे देऊन कुठेही न जाता प्रवास करून यायचे. मी असते तर रोज गेले असते.

आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बोगद्याची आहे. 1899 मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज अल्बर्ट स्मिथनं एक छोटीशी फिल्म केली, डब्यात एक जोडपं, अंधार बघून पटकन एकमेकांची पापी घेतात आणि परत सभ्यपणे बसतात, एवढंच. पण ती एकटी दाखवायची नव्हती. इंजिनावरून काढलेल्या फिल्ममध्ये गाडी बोगद्यात शिरली की तिथे रीळ तोडायचं, हा तुकडा मध्ये जोडायचा आणि मग गाडी बाहेर. बाहेरून आत, आतून परत बाहेर. सिनेमातल्या अगदी सुरुवातीच्या कटांपैकी हा एक, आणि तो बसला कुठे तर बोगद्यात, कारण तिथे आपोआपच काळं होतं.

आता परत माझ्या शॉटकडे या. तारा संपल्या, डोंगर जवळ आलाय, आणि हा... गेला उजेड. मी रेकॉर्डिंग बंद करणार होते पण केलं नाही. बघा, काचेचा आरसा झालाय. हा माझा हात, ही मी, केस विस्कटलेले, मागच्या बाकावर एक आजोबा तोंड उघडं टाकून झोपलेत, त्यांच्या शेजारी एक छोटा मुलगा, तो काचेतून थेट माझ्याकडे बघतोय. मी हात केला. त्यानंही केला. दोघांनीही मान वळवली नाही, आम्ही काचेतच बोलत होतो म्हणा ना. आणि उजेड आला, आरसा गेला, परत शेतं.

नंतर एडिट करताना बोगद्याचा तुकडा वेगळा काढून बघितला. 48 सेकंद.