लाल बॉडीवर पांढरा रंग

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय छोट्या मोटारींविषयी. विकत आणलेल्या तयार खेळण्यांविषयी नव्हे, तर किट आणून, सुटे भाग चिकटवून, रंगवून आपण घरी बनवतो त्या मोटारींविषयी. जपानी किट बहुधा १:२४ मापाची असतात, जुन्या अमेरिकी कंपन्यांची बरीचशी १:२५ ची. चार मीटरची खरी गाडी टेबलावर सोळा-सतरा सेंटिमीटरची होते.

यातल्या पुष्कळ किटमध्ये बॉडीचं प्लॅस्टिकच रंगीत असतं. लाल, पिवळं, निळं. घरात रंगाचा डबा नसला तरी मुलाची गाडी लाल दिसावी, हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण त्या लाल बॉडीवर पांढरा रंग द्यायचा झाला, की खरी परीक्षा सुरू होते.

त्यावरची एक हकिकत सांगतो. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरात नववीतली एक मुलगी आहे. तिचे आजोबा आयुष्यभर सूत रंगवण्याच्या कामात होते. चादरीचं सूत, टॉवेलचं सूत. भट्टीपाशी उभं राहून राहून त्यांच्या नखांच्या कडा अजून निळसर आहेत. मुलीला मामानं एक किट पाठवलं. बॉडी लालभडक. मामाची स्वतःची गाडी पांढरी, म्हणून हिलाही पांढरीच हवी. दिवाळीच्या सुट्टीत तिनं गच्चीवर वर्तमानपत्र पसरून पांढरा स्प्रे मारला. संध्याकाळी गाडी पांढरीशुभ्र! सकाळी बघते तर गुलाबी. टपावर फिकी, दारांच्या कडांना गडद. तिनं वरून आणखी एक हात दिला. तोही गुलाबी झाला. तिसऱ्या हाताला तर दारांच्या फटी बुजायला लागल्या आणि पोरगी रडकुंडीला आली.

आजोबा वर आले. गाडी उलटी करून आतला लाल भाग बघितला, बाहेरचा गुलाबी बघितला आणि म्हणाले, "पोरी, वरचा रंग बिघडला नाही. आतला रंग वर येलालाय. कच्चा आहे तो. वरून कितीबी पांढरं घाल, तो येतच राहणार. मधी काहीतरी आडवं घाल."

श्रोतेहो, हे अगदी खरं आहे. स्प्रेतलं थिनर प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा मऊ करतं, त्यातला लाल रंग विरघळतो आणि ओल्या पांढऱ्यात चढतो. नवा हात म्हणजे नवं थिनर, आणि नवं थिनर म्हणजे आणखी लाल. म्हणून पुन्हा सांगतो, वरून पांढरा वाढवून लाल थांबत नाही.

पुढचं मला फार आवडतं. आजोबांनी तिला गाडीला हात लावू दिला नाही. म्हणाले, "आम्ही नवा रंग आला की आधी एक लडी बुडवून बघायचो. सगळा माल एकदम कोण घालतंय?" मग त्यांनी खोक्यात शोधलं. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिचा तुकडा तिथं पडलेला होता. त्याच लाल प्लॅस्टिकचा. त्यांनी त्याचे दोन तुकडे केले. एकावर नुसता पांढरा. दुसऱ्यावर आधी चंदेरी, मग पांढरा. दोन्ही रात्रभर कपाटावर ठेवले. सकाळी पहिला तुकडा गुलाबी, दुसरा पांढरा. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. ते आडवे पसरून एकमेकांवर बसतात आणि खालच्या लालला वाट देत नाहीत. पोरीनं तो तुकडा शाळेतही नेला. मला विचाराल तर विज्ञानाच्या तासाला असेच तुकडे हातात द्यायला हवेत. फळ्यावरच्या व्याख्या मुलं परीक्षेनंतर विसरतात.

तर आधी चौकटीच्या तुकड्यावर बघा, मगच बॉडीवर. लाल सगळ्यात खोडील. पांढऱ्या किंवा करड्या प्लॅस्टिकला ही भानगड नसते. चंदेरी नको असेल तर राखाडी प्रायमरचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचे, पातळ हात चालतात, मात्र पातळच, आणि प्रत्येक हात पूर्ण सुकवून. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग लालला कमी उठवतात. आणि पिवळा रंग द्यायचा असेल तर खाली पांढरा हवाच. पिवळा दुबळा असतो, खालचं काही झाकत नाही.

बाकी तयारी थोडक्यात. बॉडी भांड्याच्या साबणानं धुवा, साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा निघतो. साच्याचे भाग जुळतात तिथं उठलेली रेघ वॉटर पेपरनं घासा. आणि प्लॅस्टिकचा मूळ रंगच आवडला असेल तर तो ठेवा. बारीक पेपर, पॉलिश, वरून क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी पारदर्शक रंगाचा, पातळ हात. बॉडीत प्लॅस्टिक वाहिल्याचे भोवऱ्यासारखे डाग नसतील तर सुरेख दिसतं. खोक्यावरच्या चित्राबरहुकूमच गाडी हवी हा हट्ट मला पटत नाही. आपल्या रस्त्यांवर तरी काय, पुढं विकायला बरी म्हणून जो तो पांढरी घेतो. निदान टेबलावरची गाडी मनासारखी असावी.

शेवटी आपल्या सोलापूरच्या हवेचं. एप्रिल-मेच्या दुपारी स्प्रे मारू नका. रंग बॉडीवर पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत मारा. पावसाळी दमट दिवशीही थांबा, थिनरचा रंग दुधाळ पडतो. पुन्हा सांगतो, सकाळी लवकर, पातळ हात. खोलीत मारणार असाल तर खिडक्या उघड्या आणि आसपास गॅस, उदबत्ती काही नको. आणि काम झाल्यावर डबा गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत विसरू नका. ५० अंशांच्या वर तापू देऊ नये, असं त्याच्यावरच छापलेलं असतं, आणि आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापायला वेळ लागत नाही.

नमस्कार.