उन्हाळी सदऱ्याचा दुसरा डाव

(पहाट. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पांढरा सुती सदरा. खिडकी अर्धी उघडी.)

काल दुपारी हा सदरा अंगात होता, तेव्हा बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. अजून त्या घड्या दिसतायत पहा. आत्ता सकाळी सात वाजता तोच घालायचा म्हटलं, तर पाठीवर नुसता काटा येतो. सदरा कालचाच. हवा तेवढी रात्रीत पालटली, आणि दुपारपर्यंत ती पुन्हा पालटेल.

शरदाची हीच खोडी. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या सुमाराला दिवस आणि रात्र सारखे होतात आणि मग रात्र लांबत जाते. त्यात आभाळ निरभ्र असेल, तर दिवसा तापलेली जमीन रात्रभर निवत राहते. तिची ऊब अडवायला वर ढगांचं पांघरूण नसतं. म्हणून पहाट गारठलेली आणि दुपार जवळजवळ उन्हाळ्याची. कपडे दोन ऋतूंचे लागतात, पण घरातून निघताना आपण ते एकदाच घालतो.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे एका रविवारी सगळं कपाट उपसायचं. उन्हाळी कपडे पेटीत टाकायचे, जाड कपडे बाहेर काढायचे. मग मंगळवारी दुपारी घामाघूम होऊन तोच स्वेटर हातावर टाकून हिंडायचं. मला ही घाई कधीच पटली नाही. जाडजूड स्वेटर एक तर अंगात असतो, नाही तर हातात. मधली सोय त्याच्याकडे नाही.

(भिंगाखाली लोकरीचा तंतू. शेजारी कापसाचा.)

ऊब धरून ठेवते ती हवा. कापडाचं काम एवढंच, की त्या हवेला हलू द्यायचं नाही. हा लोकरीचा तंतू कसा नागमोडी आहे पहा. असे दोन तंतू शेजारी आले, तरी पुरते टेकत नाहीत. मधल्या फटींत हवा अडकून बसते आणि थांबलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश जाते. कापसाचा तंतू चपटा, पिळलेल्या फितीसारखा. तो विणीत दाबून बसतो. एकटं सुती कापड म्हणूनच गारव्यात कमी पडतं. पण दोन सुती कपडे एकावर एक आले, की त्यांच्यामध्ये हवेचा एक थर आयताच तयार होतो.

१९३३ साली नॉर्वेच्या सैन्यातले अधिकारी हेन्रिक ब्रून यांनी हे तत्त्व पार टोकाला नेलं. मासेमारीच्या जाळ्यापासून त्यांनी बनियन बनवलं. सूत कमी, भोकंच जास्त! नुसतं ते घालून वाऱ्यात उभं राहिलं तर हुडहुडी भरेल. वरून सदरा घालून बटणं लावली, की प्रत्येक भोक हवेची एक छोटी डबी होतं. आणि चालून गरम झालं तर कॉलर उघडायची, कोंडलेली ऊब बाहेर पडते.

कपड्याच्या उबेला मोजमापही आहे. त्याचं नाव क्लो, आणि ते आलं १९४१ साली. २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत निवांत बसलेल्या माणसाला गारही वाटू नये आणि उकडूही नये, एवढे कपडे म्हणजे १ क्लो. त्याच्या तक्त्यात मला एक मजेशीर जागा सापडली. पूर्ण बाह्यांचा साधा शर्ट ०.२५, आणि पूर्ण बाह्यांचा पातळ स्वेटरही ०.२५. टी-शर्ट ०.०८. म्हणजे टी-शर्टवर शर्ट चढवला की बेरीज होते ०.३३, आणि जाड स्वेटरचा आकडा आहे ०.३६. दोन उन्हाळी कपडे मिळून त्या जाड स्वेटरच्या अगदी जवळ पोचतात. शिवाय दुपारी त्यातला एक काढता येतो.

(हात सदऱ्याखाली टी-शर्ट सारखा करतात. मग सदरा वर.)

मात्र क्रम चुकला तर गणित फसतं. अंगासरशी बसणारं आत, ढगळ बाहेर. उन्हाळ्यात मुद्दाम सैल घेतलेला हा सदरा स्वेटरच्या आत कोंबला, तर बगलेत त्याचा बोळा होतो आणि दिवसभर टोचत राहतो. तोच टी-शर्टवर, पुढची बटणं उघडी ठेवून घातला, की पातळ जाकिटाचं काम करतो. उलट बाहेरचा कपडा तंग असला, तर तो आतल्या हवेलाच दाबून टाकतो. बिनबाह्यांच्या झग्यालाही हेच लागू. आत पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट घातला, की झगा पानगळीतही चालतो.

एकच नवी वस्तू घ्यायची असेल, तर मी पुढून उघडणारा पातळ लोकरी स्वेटर घेईन. कार्डिगन. हे नाव आलं कार्डिगनचे सातवे अर्ल, म्हणजे ब्रिटिश सरदार, जेम्स ब्रुडनेल यांच्यावरून. १८५४ च्या २५ ऑक्टोबरला, क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत ब्रिटिश घोडदळाच्या प्रसिद्ध हल्ल्याचं नेतृत्व करणारे ते हेच. लढाईचं जाऊ द्या, नाव राहिलं ते बटणांच्या स्वेटरला. एकेक बटण म्हणजे एकेक पायरी. डोक्यावरून ओढायच्या स्वेटरला ही चैन नाही.

गळ्याचंही तसंच. अंगाजवळची गरम हवा वर चढते आणि कॉलरमधून निसटते. उन्हासाठी घेतलेली सुती ओढणी गळ्याशी दोन वेढे देऊन बांधली, की ती वाट बंद. सँडल मात्र ठेवून द्या. त्यात मोजे घालून भागवणारे लोक आहेत. असोत.

घामाकडेही लक्ष हवं. सुती कापड घाम पितं आणि ओलं राहतं, आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने जाते. भरभर चालत जाऊन मग गार खोलीत बसायचं असेल, तर आतला थर पातळ लोकरीचा बरा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही.

(करडा स्वेटर उजेडासमोर धरलेला. बगलेपाशी चार भोकं.)

हा माझाच. गेल्या खेपेला दोनदाच घातला होता, म्हणून न धुता घडी करून ठेवला. कसर लागली, तीही नेमकी घामाच्या डागावर. उडताना दिसणारा पतंग काही खात नाही. खाते ती त्याची अळी, लोकरीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर ती जगते आणि घामट, मळकट जागा तिला जास्त आवडतात. म्हणून उन्हाळ्यातलं जे खरंच पेटीत जाणार आहे, तेही आधी धुवायचं. आत्ता न दिसणारे घामाचे डाग सहा महिन्यांनी पिवळे होऊन वर येतात.

(संध्याकाळ. तोच पांढरा सदरा, आत टी-शर्ट, वर उघडा कार्डिगन.)

सूर्य खाली गेला. बाह्या एकेक घडी सुटून मनगटावर येतात. कफाचं बटण लागतं. कार्डिगनचं खालून तिसरं, मग चौथं. वरचं अजून उघडंच आहे.