दुसरं बटण

(पडदा काळा. फक्त आवाज: धाड्... धाड्... धाड्...)

भोसरी एमआयडीसी, पहिली शिफ्ट. या गल्लीत डोळे मिटून आलात तरी पत्रा दाबून सुटे भाग बनवणारं प्रेस शॉप कुठलं ते कळेल.

(हातांचा क्लोज-अप)

हे हात बघा. डावा पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर ठेवतो, उजवा बटण दाबतो, धाड्, डावा तयार जॉब काढून क्रेटमध्ये टाकतो. पुन्हा पत्रा. नजर कधीच भलतीकडे गेलीय, हात मात्र चुकत नाहीत.

आता पॅनेल. बटणं दोन आहेत, मुद्दाम लांब लांब बसवलेली. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरून आदळणारा ठोकळा, खाली यायचा. म्हणजे तो येताना दोन्ही हात डायच्या बाहेर. मग डावा हात मोकळा कसा?

डावीकडचं बटण जवळून बघा. काळी इन्सुलेशन टेप. टेपखाली एक रुपयाचं नाणं.

चांगल्या पॅनेलवर ही युक्ती चालत नाही. दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळत नाही. हे पॅनेल जुनं. नाणं कोणी लावलं, हे आम्ही विचारलं नाही. समोरच्या फळ्यावर खडूनं तासाचं टार्गेट लिहिलंय, ते मात्र चित्रीत केलं.

(पायडल प्रेस)

ही त्याहून जुनी. फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, सतत फिरतंय. पायडल दाबलं की क्लचची चावी, म्हणजे ते चाक रॅमला जोडणारा तुकडा, अडकते, रॅम एक फेरी मारतो आणि थांबतो. थांबायला हवा. चावी झिजली, स्प्रिंग ढिली पडली, की पाय न लावता तोच रॅम परत खाली. ‘डबल मारली’ म्हणतात कामगार. इथं समोर सेन्सर बसवून भागत नाही, कारण चावी एकदा अडकली की फेरी अर्ध्यात थांबवताच येत नाही. डायला पक्कं कुंपण हवं. पत्रा जाईल, बोट जाणार नाही, एवढीच फट ठेवून. 1948च्या कारखाने अधिनियमानं अशा कुंपणाची जबाबदारी कारखान्यावरच टाकली होती.

या प्रेसचं कुंपण कोपऱ्यात आहे. त्यावर जेवणाचे डबे ठेवलेत. मागच्या भिंतीवर सुरक्षा सप्ताहाचा बॅनर, ‘हातमोजे वापरा’. पत्र्याच्या धारेला ते हवेतच. पण तेच घालून शेजारच्या ड्रिलवर गेलात, तर ड्रिल आधी हातमोज्याचा धागा ओढतं, मग हात. बॅनरवर एवढं कुठलं मावायला!

(डाय बदलताना)

हे इथले सेटर, प्रेसवर डाय बसवणारे. सगळे त्यांना मामा म्हणतात. आधी मेन स्विच बंद. त्याला कुलूप. किल्ली स्वतःच्या खिशात. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत मामा नुसते उभे. मग रॅमखाली टेकू, आणि त्यानंतरच हात आत. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

मामांनी ॲल्युमिनियमचे चिमटे करून ठेवलेत. ॲल्युमिनियम अशासाठी, की रॅमखाली सापडला तर चिमटा चेपतो, डाय फुटत नाही. पहिल्या दिवशी नव्या पोराच्या हातात तो देतात.

‘मामा, यानं हात सावकाश चालतो.’

‘चालू दे.’

(चिमटा धरलेला मामांचा हात)

भरपाईच्या तक्त्यात अख्खी तर्जनी गेली म्हणजे कमाईची क्षमता 14 टक्के गेली, अंगठा 30.

(पुन्हा पहिली प्रेस)

दुपारी मामांनी टेप सोलली. नाणं खाली घरंगळलं. पोरानं उचलून खिशात टाकलं आणि डावा हात बटणावर ठेवला. धाड्. मग चिमटा. मग पत्रा.

त्या तासाचे नग टार्गेटपेक्षा कमी भरले. सुपरवायझरनं फळ्यावरच्या आकड्याभोवती खडूनं गोल केला.